बावीस नॉब, दोन भोकं

मावशीला वजनकाट्यांच्या कारखान्यात लागून एकतीस वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत तिने हातातला काटा अर्धवट टाकून एकदाही फोन घेतला नव्हता. त्या मंगळवारी घेतला, कारण तो अकराव्यांदा वाजत होता.

“मावशी, बसली आहेस का उभी आहेस?” पलीकडून भाचा.

“उभी आहे. पुढ्यात दीडशे किलोचा काटा आहे. पटकन बोल.”

“मग त्या काट्यावरच बस. मालक हो म्हणाले!”

मावशी बसली नाही. पण तिने एक हात काट्याच्या पाटावर टेकवला, आणि काट्याने इमानेइतबारे तो हात साडेसहा किलोचा दाखवला. आकडा स्थिर राहीना. सहा पाच, सहा सात, सहा चार. शेजारच्या टेबलावरची बाई मान वर करून म्हणाली, “काय गं, बिघडला का काटा?”

“काटा ठीक आहे,” मावशी म्हणाली. “मीच हलतेय.”

खरं तर ती एकाचीच मावशी. हा भाचा शहरातली बस चालवायचा, आणि रविवारी दुपारी सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमणाऱ्या वीसेक वेड्यांपैकी एक होता. त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळेच तिला मावशी म्हणू लागले. त्यांच्यातले दातांचे डॉक्टर तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, पण तेही बिनदिक्कत मावशी म्हणत, आणि ती त्यांना “काय बाळा” म्हणून उत्तर देत असे.

या वीस जणांना वेड होतं अ‍ॅनलॉग सिंथेसायझरचं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि वर नॉबांची दाटी, असं ते वाद्य. बाजारातल्या स्वस्त कीबोर्डात चिपवर आवाज भरून ठेवलेले असतात; बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन. यात तसलं काही नाही. यात फक्त वीज असते. ती वर-खाली डोलते, आणि त्या डोलण्याचाच आवाज होतो. नॉब फिरवला की डोलणं बदलतं, आवाज बदलतो. त्यामुळे दोन माणसांनी एकाच वाद्यातून काढलेले आवाज सहसा सारखे निघत नाहीत, आणि एकाच माणसाला कालचा आवाज आज सापडेलच असंही नाही. हे ऐकून ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात त्याने त्या हॉलचा जिना चढू नये. ज्याचे डोळे चमकतात त्याला डॉक्टर स्वतः खाली येऊन वर घेऊन जात.

मावशी यात आली ती मात्र सुरांच्या ओढीने आली नव्हती. आठ वर्षांपूर्वी भाचा भंगारातून एक मेलेला सिंथेसायझर घेऊन तिच्या दारात उभा राहिला होता. तिच्याकडे वीज मोजायचा चांगला मीटर आहे, एवढंच कारण. तिने तो उघडला, तासभर तारांचा माग काढला आणि एकदम हसायला लागली.

“अरे, हा तर काटा आहे!”

“काटा कसला? वाद्य आहे ते.”

“ऐक. काट्यावर दुप्पट वजन ठेवलं की आकडा दुप्पटच झाला पाहिजे. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. इथे एक व्होल्ट वाढवला की सूर बरोबर एक सप्तक चढायला हवा. याचा तो हिशेबच बिघडलाय. खाली ठीक आहे, वर गेला की घसरतो.”

तिने आतला एक तांबूस स्क्रू पाव वळसा फिरवला, आणि भाच्याने तळापासून टोकापर्यंत पट्ट्या वाजवल्या. सूर एकेक पायरी नीट चढत गेले. मावशीच्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं ती पट्टीवर आकडे बसवत आली होती; ते आकडे गाऊ शकतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर तिने स्वतः चार बांधले. एकाहून एक सरस. पण हाताने, फावल्या वेळात, दोन वर्षांत एक. हॉलमधल्या निम्म्या लोकांकडे स्वतःचं वाद्यच नव्हतं. जुने होते ते मोटारीच्या किमतीला जात, आणि नवे स्वस्त होते त्यांच्या पट्ट्या इतक्या चिमुकल्या, की भाचा म्हणायचा, “मला बोटं आहेत, टूथपिक नाहीत.”

म्हणून गेली तीन वर्षं त्या हॉलमध्ये एकच घोष चालू होता: सायकलीच्या किमतीत सिंथेसायझर. खाली दुकानात जी साधी, बिनगिअरची सायकल टांगलेली असते ना, तिच्या किमतीत. ज्या माणसाला सायकल घेणं परवडतं त्याला हे वाद्य परवडलं पाहिजे.

आणि आता मालक हो म्हणाले होते.

मालक म्हणजे व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे मालक. वर्षातून तीन महिने त्यांच्याकडची मंडळी रिकामी बसत. भाच्याच्या बसने ते रोज जात, आणि भाच्याने सहा महिने, प्रत्येक लाल दिव्यावर थोडं थोडं, त्यांचं डोकं खाल्लं होतं. अखेर ते म्हणाले, “दोनशे नग काढतो. पण माझ्या अटी आहेत.”

अटी तीन. किंमत सायकलीच्या वर जाणार नाही. वरच्या पाट्यावर नॉब बावीस आणि एकही जास्त नाही, कारण प्रत्येक नॉबमागे एक सुटा भाग, सोल्डरचे चार टाके आणि एका बाईचा वेळ. आणि सहा रविवारांनी ते स्वतः हॉलमध्ये येऊन चालू वाद्य ऐकणार. पटलं नाही, तर पंख्यांच्या रेग्युलेटरची एक ऑर्डर दाराशी उभी होती. ती ते घेणार. मग पुढच्या वर्षापर्यंत कुणी त्यांना याबद्दल विचारायचं नाही.

पहिल्याच रविवारी सगळे जमले. हॉलच्या कोपऱ्यात एक म्हातारा पियानो होता. कधीकाळच्या नृत्यवर्गाने मागे टाकलेला. त्याचा उपयोग एवढाच, की त्याचं झाकण टेबलासारखं वापरता येई. मावशीच्या नवऱ्याने त्यावर पुठ्ठ्याचा एक पाटा अंथरला. तो पाट्या रंगवायचा, सगळे त्याला पेंटर म्हणत, आणि अक्षर असं की दवाखान्याची पाटी रंगवली तरी आत जावंसं वाटावं. मावशीने जुन्या नॉबांची पिशवी पुठ्ठ्यावर ओतली.

“ज्याला जे हवं, त्याने त्या जागी नॉब ठेवायचा. भांडायचं नंतर.”

मग काय विचारता! डॉक्टरांनी एका दमात चौदा नॉब मांडले. त्यांना आवाज करणारे तीन भाग हवे होते, दोनांत त्यांचं भागत नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणारा एक धिप्पाड गडी होता, सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. त्याला फक्त खालचे सूर हवे होते, असे की खिडकीच्या काचा वाजल्या पाहिजेत. त्याने एकच नॉब ठेवला, पण पिशवीतला सगळ्यात मोठा. कुणाला काढलेला आवाज जपून ठेवायची सोय हवी होती. कुणाला दुसऱ्या वाद्यांना जोडायची भोकं. भाच्याला मोठ्या पट्ट्या. एक म्हणाला पत्र्याचं खोकं हवं, प्लॅस्टिकचं नको, पडलं तर फरशी फुटली पाहिजे. मागून कुणी ओरडलं, “छोटा पडदा आणि त्यात मेनू, असलं काही आढळलं तर मी उपोषणाला बसतो!” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक पडेल आवाजाचा, कधी न बोलणारा सदस्य होता, तो म्हणाला, “झाकणाच्या आत त्याचा नकाशा छापा. सर्किटचा. बिघडलं तर माझं मला दुरुस्त करता आलं पाहिजे.” हे ऐकून डॉक्टरांनी त्याला मिठीच मारली.

नॉब मोजले. एकसष्ट.

“आता काढा,” मावशी म्हणाली.

मांडायला वीस मिनिटं लागली होती. काढायला तीन रविवार गेले. डॉक्टरांचा तिसरा भाग गेला तेव्हा ते खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. “दाढ काढतात तेव्हा पेशंटला काय वाटत असेल ते आज कळलं,” म्हणाले. एकेका नॉबाची वकिली चाले. हा कशाला? तो नसला तर काय अडेल? याचं काम शेजारचा करेल का? आणि गंमत अशी, की नॉब कमी होत गेले तसतसा तो पुठ्ठा सगळ्यांना जास्त आवडू लागला. चाळीस असताना ते खोकं होतं. तीस झाले तेव्हा यंत्र दिसू लागलं. तेवीस झाले तेव्हा भाचा पुठ्ठ्यावरच बोटं ठेवून तोंडाने वाजवायला लागला.

तेवीस. एक जास्त. तिथे घोडं अडलं.

दोन्ही आवाजांचा सूर मिळून थोडा वर-खाली करायचा एक नॉब डाव्या कोपऱ्यात होता. मावशीने तो उचलला आणि खिशात टाकला.

“हा नको.”

“सूर लावायचाच नको?” लिफ्टवाला चाचरत म्हणाला.

“सूर मी लावून देणार आहे ना! आतल्या स्क्रूने, मीटरवर. गरमीने सूर सरकू नये म्हणून आत तशी जोडणीही करणार. एकदा बसवलेला सूर कुणी हलवायचा कशाला?”

मावशीने काटा लावला म्हणजे लावला, हे त्या हॉलमध्ये सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं. बावीस झाले. चहा मागवला.

पुढचे दोन आठवडे मावशीच्या घरात जेवायचं टेबल उरलं नाही. दोघं ताट मांडीवर घेऊन जेवत. पेंटर पत्र्याच्या पाट्यावर अक्षरं काढी, ती समोर बसून टाके घाली. शेवटी दोन्ही आवाज मीटरवर बसवले. तळापासून टोकापर्यंत, पाच सप्तकं, आकडा जागचा हलला नाही. मग तिने खणातून एक छोटी बाटली आणि बारीक कुंचला काढला, आणि आतल्या चारही स्क्रूंवर, म्हणजे प्रत्येक आवाजाचा एक सूर वर-खाली करणारा आणि एक सप्तकाचा हिशेब धरणारा, लाल लाखेचा एकेक ठिपका ठेवला.

पेंटर चष्म्यावरून बघत होता. “इथे पण ठिपका?”

“काटा लावला की ठिपका.”

“बाईसाहेब, हे वाजवायचं यंत्र आहे. यावर कुणी कांदे मोजणार नाहीये.”

“अहो, हात आपोआप जातो, त्याला मी काय करू?” ती म्हणाली. पण हात आपोआप जात होता एवढंच काही खरं नव्हतं. कामाला लागली त्या वर्षी तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने सांगितलं होतं: काटा लावल्यावर स्क्रूवर लाख टाकायची. लाख शाबूत म्हणजे वजन खरं. लाख फुटली म्हणजे कुणीतरी खोटेपणा केला. तो ठिपका म्हणजे तुझी सही. त्यानंतर तिने किती हजार ठिपके ठेवले असतील देव जाणे. एकही फोडला नव्हता. बाहेरून लाख फुटलेला काटा परत आला, की तिला घरात चोर शिरल्यासारखं वाटे.

सहावा रविवार उजाडला. दुपारी हॉलमध्ये विसाचे चाळीस झाले. खालचा सायकलवाला दुकानाला कुलूप लावून वर आला. एरवी खुर्चीवर पाय टाकून बसणारे लिफ्टवाल्यासारखे लोक आज इस्त्रीचे कपडे घालून भिंतीला टेकले होते. मालक आले ते एका वृद्ध बाईंचा हात धरून.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही,” मालक सरळच म्हणाले. “ही माझी आई. चाळीस वर्षं शाळेत संगीत शिकवलंय. ती हो म्हणाली तर हो.”

आजींनी पाट्यावरून बोटं फिरवली. “अक्षर कुणाचं?”

“माझं,” पेंटर म्हणाला आणि लाजला.

“छान आहे. वाजवा.”

भाच्याने वाजवलं. आधी एक एकटा सूर, मग त्यावर हळूहळू दार उघडल्यासारखा आवाज मोकळा होत गेला. मग खालचे सूर आले आणि खिडकीच्या काचा खरोखर वाजल्या. लिफ्टवाल्याने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांना आपला तिसरा भाग आठवला नसावा, कारण ते लहान मुलासारखे टुणटुण उडत होते. नॉब फिरत होते, आवाज माशीची गुणगुण होत होता, समुद्र होत होता, म्हाताऱ्याचं घोरणं होत होता. मालकांची आई हसली. मावशीचा जीव भांड्यात पडणार तेवढ्यात त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या पियानोकडे गेल्या.

“हे झाकण उघडता का कुणी? कपबशा काढा आधी.”

“आजी, तो फार जुना आहे,” भाचा म्हणाला.

“मीही आहे. एकटं वाजणारं वाद्य मला कळत नाही रे. दुसऱ्याबरोबर बसलं की कळतं. मी वाजवते, तू मागे ये.”

त्यांनी एक साधी चाल वाजवली. भाचा मागोमाग शिरला. आणि हॉलमधल्या चाळीस जणांनी एकाच वेळी दात आवळले.

दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकमेकांना हाका मारताहेत असं ते वाजत होतं. पियानो वर्षानुवर्षं उतरत उतरत पाव सूर खाली गेला होता. भाच्याने हात उचलला. पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला.

“काय झालं?” मालक म्हणाले.

“पियानो उतरलाय,” मावशी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “आमचं बरोबर आहे. मीटर लावून दाखवते.”

“उतरलाय हे मलाही कळतंय, बाई,” आजी म्हणाल्या. “पण याला दोनशे तारा आहेत. तुझ्याला नॉब आहेत. थोडं खाली ये ना तू.”

मावशीचा हात डाव्या कोपऱ्याकडे गेला. तिथे पेंटरने एक छोटी वेलबुट्टी काढली होती. जागा रिकामी होती ना.

“तसा नॉब नाहीये,” लिफ्टवाला हळूच म्हणाला. पण ते मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

“म्हणजे,” मालक सावकाश म्हणाले, “तुमचं यंत्र बरोबर आहे, आणि तरीही ते कुणाबरोबर चालत नाही?”

“पियानो चुकीचा आहे,” मावशी पुन्हा म्हणाली. तिचा आवाज तिलाच हट्टी वाटला.

“मावशी,” लिफ्टवाला म्हणाला, “पियानो चुकीचा असेल. पण तो इथे आपल्या आधीपासून आहे.”

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. भाचा नुसता मावशीकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच तिला जास्त लागलं.

“कुशीवर कर,” ती एकदम म्हणाली.

“काय?”

“यंत्र कुशीवर कर. तळाचा पत्रा काढ. चालूच राहू दे, बंद करू नकोस. एक पट्टी दाबून धरा कुणीतरी. आजी, तुम्ही तोच सूर देत राहाल का?”

चार हात पुढे आले. सहा स्क्रू निघाले. लिफ्टवाल्याने गुडघे टेकून आपल्या जाड अंगठ्याने पट्टी दाबून धरली, आजी तिकडे तोच सूर ठोकत राहिल्या. मावशीने एप्रनच्या खिशातून बारीक पेचकस काढला. रविवार असूनही तिने एप्रन घातला होता, आज तिला तो हवासा वाटला होता. पेचकसाचं टोक तिने पहिल्या ठिपक्यावर ठेवलं आणि तिथेच थांबली.

“अहो,” ती म्हणाली.

पेंटर शेजारीच उभा होता. “कांदे नाहीयेत, बाईसाहेब,” तो म्हणाला. “फोडा.”

टचकन आवाज झाला. एवढासा लाल तुकडा उडून फरशीवर पडला.

तिने स्क्रू फिरवायला घेतला, आणि मीटरकडे बघायची सवय असलेली नजर कुठे ठेवावी ते तिला कळेना. म्हणून तिने डोळे मिटले. पियानो आणि यंत्र यांच्या मधोमध एक थरथर ऐकू येत होती. वाँववाँववाँव. तिने केसभर फिरवलं. वाँव, वाँव, वाँव. अजून केसभर. वाँऽव... वाँऽऽव... आणि तिला ओळख पटली. हे तर ती रोज बघत होती! वजन ठेवल्यावर जुन्या काट्याची सुई अशीच झोके घेते. आधी भराभर, मग सावकाश, मग अगदी सावकाश.

सुई थांबली. हॉलमध्ये एकच सूर उरला, आणि त्यात पियानो कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होतं ते कुणालाही सांगता आलं नसतं.

“दुसरा!” डॉक्टर ओरडले. “मावशी, दुसरा आवाज पण!”

तिने दुसरा ठिपका फोडला. हा मात्र पटकन फुटला. दुसरा आवाज खाली आणला, पहिल्याला टेकवला, आणि मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, अगदी निसटता पुन्हा मागे ओढला. दोन आवाज एकमेकांना खांदा लावून डुलायला लागले. आवाज रुंद झाला, जाड झाला. एकदम दहा माणसं गायला लागल्यासारखं झालं.

मग जे झालं त्याला गोंधळ म्हणणंच बरं. लिफ्टवाला पट्टीवरचा अंगठा न काढता “हेच! हेच! हेच!” असं ओरडत होता. पडेल आवाजाचा सदस्य खुर्चीवर चढला होता. सायकलवाल्याने कुणालातरी विचारलं, “हे आधीपासून यात होतं?” आणि कुणीतरी म्हणालं, “लाखेखाली होतं!” भाच्याने यंत्र तसंच कुशीवर ठेवून वाजवायला घेतलं, आजी पियानोवरून त्याच्यापुढे पळाल्या, तो मागे धावला, आणि दोघांनी मिळून ती साधी चाल कुठल्या कुठे नेली. आजींनी थांबून पदराने कपाळ पुसलं तेव्हा त्या तरुण दिसत होत्या.

“तेविसावा नॉब मिळणार नाही,” मालक म्हणाले. ते म्हणताना त्यांचा पाय ताल धरत होता. “आधीच सांगतो.”

“नॉब नकोच,” मावशी म्हणाली. अजून ती जमिनीवरच बसली होती. “बाजूच्या पत्र्याला एक भोक पाडा, या पहिल्या स्क्रूच्या समोर. शेजारी दुसऱ्यासाठी एक. भोकाला काय लागतं? पत्रा कापताना यंत्र पाडतंच आहे भोकं. आत झाकणाला एक छोटा पेचकस अडकवून द्यायचा.”

“आणि गिऱ्हाईकाने फिरवून बट्ट्याबोळ केला म्हणजे? बिघडलंय म्हणून माझ्या दाराशी येईल.”

हाच प्रश्न ती एकतीस वर्षं स्वतः विचारत आली होती.

“काट्याला मी लाख लावते,” ती म्हणाली, “कारण काट्याच्या पलीकडे घेणारा उभा असतो. देणाऱ्याने स्क्रू फिरवला तर तो फसतो. इथे पलीकडे कुणी नाही. फिरवणाराच ऐकणार. तो स्वतःला किती वेळ फसवेल?”

मालकांनी आईकडे पाहिलं. आई पियानोच्या पट्टीवर पडलेला चहाचा डाग नखाने खरवडत होत्या.

“पहिला नग माझ्या घरी,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

हॉलमधल्या आरडाओरड्याने खालच्या टांगलेल्या सायकली हलल्या म्हणे. सायकलवाला शपथेवर सांगतो.

नवव्या रविवारनंतरच्या सोमवारी मावशीने रजा टाकली आणि स्टॅबिलायझरच्या कारखान्यात गेली. दोनच लांब टेबलं, दोन्हीकडे बायका, मधून पत्र्याची खोकी सरकत होती. शेवटच्या खुर्चीवर मावशी. सूर बसवायचा आणि पुढे द्यायचं. बाजूला, पेंटरच्या अक्षरात, दोन भोकं: एकाखाली “सूर”, दुसऱ्याखाली “जोडीदार”.

पहिलं खोकं आलं. तिने मीटर लावला, पेचकस आत घातला, आकडा बसवला. आणि हात खिशाकडे गेला. बाटली, कुंचला. कुंचला लाखेत बुडाला, भोकापर्यंत आला आणि थांबला. शेजारच्या बाईने टाके घालता घालता विचारलं, “मावशी, ते बुजवायचंय का आता?”

“नाही गं.”

तिने वाकून पाहिलं. स्क्रूची खाच आत तिरकी थांबली होती. त्या खाचेच्या अगदी समोर, भोकाच्या बाहेरच्या कडेला, तिने लाल ठिपका ठेवला. निघाला तेव्हा सूर इथे होता. चुकलात तर खाच ठिपक्याला आणा, बाकी तुमचं तुम्ही बघा.

“मी एकदा फिरवू?” शेजारची बाई म्हणाली. “नुसतं बघते.”

“फिरव.”

तिने घाईने अर्धा वळसा फिरवला, आणि खोकं असं किंचाळलं की दोन्ही टेबलांवरच्या बायकांनी कान झाकले आणि मग एकमेकींकडे बघून खदखदा हसत सुटल्या. मावशीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“आता परत आण,” ती म्हणाली. “नाही, आकड्याकडे बघू नकोस. ऐक.”